फक्त शेळी

मोबाइलवर मी एक ग्रुप काढला होता, त्याचं नाव ‘फक्त शेळी’. ग्रुप अजून आहे, मी त्यात नाही. नाव मीच ठेवलं होतं, आणि त्यातल्या ‘फक्त’ या शब्दासाठी तीन वर्षं मी जेवढा भांडलो तेवढा नोकरीत बढतीसाठीसुद्धा भांडलो नाही. बढतीसाठी भांडला असता तर निदान पेन्शन तरी वाढली असती, असं बायको म्हणते.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे जनावरांचा डॉक्टर नव्हे, डॉक्टर येईपर्यंत जो माणूस गोठ्यात उभा असतो तो. नोकरीची शेवटची अकरा वर्षं मंगळवेढ्याच्या पलीकडं एका गावातल्या सरकारी दवाखान्यात काढली. ज्वारी आणि शेळ्यामेंढ्या, एवढ्यावर तिथली घरं चालतात. गावात सगळे मला ‘डागदर’ म्हणायचे. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, मी डॉक्टर नाही म्हणून सांगायचो. नंतर सोडून दिलं. खरं सांगायचं तर आवडायला लागलं होतं.

निवृत्तीच्या दिवशी शाल झाली, नारळ झाला, सरपंचांनी भाषणात माझ्या नावाऐवजी माझ्या आधीच्या माणसाचं नाव घेतलं, तेही झालं. सगळे पांगल्यावर दवाखान्याच्या पायरीवर एक बाई बसून राहिली. वस्तीवर राहायची. नवरा पुण्याकडं वॉचमन, वर्षातनं दोनदा तोंड दाखवणारा. घरात ती आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी. शेत म्हणायला होतं, पण त्यात दगडच जास्त. घर चालायचं ते सात शेळ्यांवर. दूध, करडं, मुलीची फी, सगळं त्या सातांतून. त्या घरात एक शेळी मेली तर वर्षभर काही ना काही कमी पडायचं, हे मी स्वतः बघितलेलं.

ती म्हणाली, "डागदर, तुमी सोलापूरला चालला. आता माजी शेळी आजारी पडली तर मी कुणाला इचारू?"

फोन आहे की, मी म्हणलं. तर तिला ते बरं वाटेना. रिटायर झालेल्या माणसाला कशाला तरास, असं तिचं. मग शेजारी उभ्या असलेल्या मुलीनंच तोडगा काढला, ग्रुप करू या म्हणाली. त्याच पायरीवर बसून ग्रुप झाला. मी, त्या दोघी, आणि गावातले आणखी आठ जण. बाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून मुलीनं तिला माइकचं बटण दाबून बोलायला शिकवलं. मी ग्रुपवर पहिला मेसेज टाकला, इथं फक्त शेळीबद्दल बोलायचं. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली.

पहिलं वर्ष फार चांगलं गेलं हो. मी सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत चहा घेऊन बसायचो आणि खालच्या हॉर्नच्या गदारोळात फोन कानाला लावून बाईचे लांबच लांब मेसेज ऐकायचो. कुणाच्या करडाला हगवण, कुणाच्या शेळीचं खूर सुजलेलं. मी उपाय सांगायचो, आणि दवाखान्यात न्यायची गरज असेल तर आज न्या की उद्या, तेही सांगायचो. बाईच्या सातही शेळ्या त्या वर्षी धडधाकट राहिल्या, दोघींना जुळी झाली. बायको म्हणाली, नोकरीत असताना तुम्ही एवढं काम केलं असतं तर तालुक्यात पुतळा झाला असता.

मग सांगोल्याच्या बाजारात कुणा व्यापाऱ्यानं ग्रुपची लिंक वाटली, आणि आठवड्यात दोनशे माणसं आत आली. मला आनंद झाला. माणूस मूर्ख असला की त्याला आकडे वाढल्याचा आनंद होतो. वर्षभरात नऊशे झाले.

त्या नऊशेंत शेळ्या असलेले किती होते देव जाणे. होटगीचा एक जण होता, त्याच्याकडं शेळी नव्हतीच, घ्यावी की न घ्यावी याचा तो विचार करत होता. तो विचार त्यानं दीड वर्ष केला आणि रोज सकाळी ग्रुपला कळवला. अक्कलकोटकडचा एक जण कन्नडमधून हातभर लांब मजकूर टाकायचा. मला वाटलं, औषधाची मोलाची माहिती असेल. वाचता येईना म्हणून शेजारच्या काकूंना दाखवलं, त्यांचं माहेर तिकडचं. तर तो कडक भाकरी खाण्याचे फायदे सांगत होता. त्याला इतके अंगठे मिळाले होते की मी लसीकरणाची तारीख टाकल्यावर त्याच्या निम्मेही मिळाले नव्हते. सकाळी सहा ते आठ या वेळात तर ग्रुपवर दोनशे सूर्य उगवायचे, प्रत्येकाच्या खाली सुविचार.

माझं डोकं फिरलं. मी नियम केला, ज्या फोटोत शेळी नाही तो फोटो उडवला जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य उगवलेच. फक्त प्रत्येकापुढं आता एक शेळी उभी होती. वाढदिवसाच्या फोटोत केक, केकवर मेणबत्ती आणि बाजूला दोरीनं धरलेलं बोकड. प्लॉट विक्रीच्या जाहिरातीत प्लॉटच्या मधोमध चरणारी शेळी. एका पुढाऱ्याच्या अभिनंदनाचा फलक आला, खाली शुभेच्छुकांचे नऊ चेहरे आणि दहावा बोकडाचा, आणि त्यातल्या त्यात तोच जबाबदार वाटत होता. मग दशक्रियेची पत्रिका आली. वर आजोबांचा फोटो, कोपऱ्यात शेळी. ही उडवायची म्हणून मी बोट नेलं, तर घरच्यांनी खाली लिहिलेलं, आजोबांची लाडकी होती. आता काय बोलणार, कप्पाळ? नियमात बसत होतं. मी हात जोडलेलं चित्र टाकलं.

मी जेवताना चिडचिड करत होतो तेव्हा बायको म्हणाली, "नियम तुम्ही केलात, शेळी त्यांनी आणली. आता तक्रार कशाची?" तिला तक्रार कशाची ते कळत नव्हतं असं नाही. तिला मजा येत होती.

एकट्यानं झेपेना म्हणून मी दुसरा अ‍ॅडमिन नेमला. निवृत्त मुख्याध्यापक, जुळे सोलापूर भागात बंगला, बंगल्यामागं दोन शेळ्या, थंडीत दोघींना स्वेटर. गुरुजींनी आल्या आल्या माझ्या नियमांना क्रमांक दिले आणि दर सोमवारी ते ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. नियम चार, अ‍ॅडमिनला वैयक्तिक फोन करू नये. हा माझा होता, कारण लोक माझ्या जेवणाच्या वेळा पाठ असल्यासारखे फोन करायचे. नियम सात, बोलून पाठवलेल्या मेसेजमध्ये पहिल्या दहा सेकंदांत शेळी आली पाहिजे, नाही आली तर मेसेज उडेल. हाही माझाच. गुरुजींवर ढकलायचा मोह होतोय, पण माझाच.

आणि उडवण्यात सुख होतं, हे कबूल करतो. तीस वर्षं मी वरिष्ठांना अहवाल पाठवले आणि ते त्यांनी न वाचता बाजूला ठेवले. आता माझ्या अंगठ्याखाली नऊशे माणसं होती. एखाद्यानं पाच मिनिटं खपून काही लिहावं, आणि मी अंगठा टेकवला की तिथं ‘अ‍ॅडमिनने काढून टाकले’ एवढंच उरावं. गुरुजी आणि मी संध्याकाळी एकमेकांना विचारायचो, आज किती? साठसत्तरच्या पुढं गेलं की दिवस कारणी लागल्यासारखा वाटायचा.

या सगळ्या गोंधळात त्या बाईचे मेसेज कमी कमी होत गेले. माझ्या ते लक्षात आलं नाही. ग्रुप जिच्यासाठी काढला ती बोलत नाही, हे नऊशे जणांच्या गलक्यात कसं लक्षात येणार, असं मी नंतर स्वतःला समजावून बघितलं. पटलं नाही.

त्या सोमवारी मी सात रस्त्यावर एका दुकानात मिक्सरचं भांडं दुरुस्तीला घेऊन बसलो होतो. दुपारचे बारा वाजले असतील. कारागीर आत पातं शोधत होता. बसल्या बसल्या ग्रुप साफ करावा म्हणून फोन काढला, तर बाईचा मेसेज, पावणेतीन मिनिटांचा. खूप महिन्यांनी आवाज ऐकून बरं वाटलं. तिनं सुरू केलं, नमस्कार डागदर, बरं हाय का, वहिनींचा गुडघा कसा हाय, आमच्याकडं काल पोरीची सुपारी फुटली. म्हणजे मुलीचं लग्न ठरलं. मला मनापासून आनंद झाला. पण दहा सेकंद होऊन गेले आणि शेळी आली नाही. आदल्याच आठवड्यात मी गुरुजींच्या भाच्याचा साखरपुड्याचा मेसेज उडवला होता आणि गुरुजी दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. आता ओळखीची बाई म्हणून हिचा ठेवला तर नऊशे लोकांना मी काय तोंड दाखवू? अकराव्या सेकंदाला मी थांबवलं. नियमापेक्षा एक सेकंद जास्तच दिला, असंसुद्धा मनात आलं. मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकला आणि खाली लिहिलं, कौटुंबिक बातम्या नकोत, फक्त शेळी. भराभर अंगठे आले. गुरुजींनी लिहिलं, नियम सर्वांना समान. त्याच्याच वर एका पोराच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो होता, मांडीवर करडू, तो तसाच राहिला.

संध्याकाळी बाईला फोन करून अभिनंदन करावं असं वाटलं होतं. राहून गेलं.

बुधवारी ग्रुपवर बारीक अक्षरांत आलं, ती बाहेर पडली म्हणून. मला रागच आला. एक मेसेज काढला तर एवढं मनाला लावून घ्यायचं? जिच्यासाठी ग्रुप काढला तिनंच असं करावं? हे सगळं मी बायकोला ऐकवलं. ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, पावणेतीन मिनिटं ती काय बोलली, ते ऐकलंत का तुम्ही? मग फोन लावला.

फोन मुलीनं उचलला. मी हसत अभिनंदन म्हणलं. ती थँक्यू काका म्हणाली. मग तिनं सांगितलं ते असं. रविवारी सुपारीला पन्नास पाहुणे येणार म्हणून स्वयंपाक केला होता. मुलाकडच्या गावात कुणीतरी वारलं, आले पंधराच. भात, पुऱ्या, शिरा, घमेल्यानं उरलं. वस्तीवर वाटून झालं तरी उरलं. अन्न टाकायचं कसं, आणि घरात एवढं चांगलं झालंय तर मुक्या जितराबांनी का उपाशी राहावं, म्हणून आईनं संध्याकाळी ते शेळ्यांपुढं घातलं. सोमवारी सकाळी शेळ्यांनी चारा सोडला. पोटं तट्ट फुगली, दात खात बसून राहिल्या. दवाखान्यात नवे साहेब आहेत, त्यांच्याकडं तीन गावं, त्या दिवशी ते दुसऱ्या गावाला होते. मग आईनं ग्रुपवर मेसेज टाकला.

दवाखान्यात असताना लग्नसराईत हेच तर बघायचो आम्ही. उरलेला भात शेळीनं पोटभर खाल्ला की पोटात आंबतो, आणि दीड दिवसात शेळी जाते. वेळेत कळलं तर खायचा सोडा पाण्यात कालवून पाजायचा, चारा बंद, आणि डॉक्टरला बोलवायचं. सोडा तिच्या घरात असणारच, सुपारीच्या स्वयंपाकाचाच उरला असेल. हे लिहायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

किती गेल्या, मी विचारलं. चार, ती म्हणाली. मंगळवारी उजाडायच्या आत. मी तिच्यावर ओरडलोच, अगं मग मला सरळ फोन का नाही केलास?

"काका, अ‍ॅडमिनला फोन करायचा नाही, असा नियम आहे ना," ती म्हणाली.

टोमणा नव्हता त्यात. दर सोमवारी गुरुजी टाकायचे, तिनं वाचला होता. पुन्हा मेसेज पाठवू या, असं ती आईला म्हणाली होती. पण आई म्हणाली, नको. डागदरनी ऐकूनच काढलं असंल. काळजीचं असतं तर बोलले असते. आणि माझ्या त्या न बोलण्यावर भरवसा ठेवून ती बाई संध्याकाळपर्यंत शेळ्यांजवळ निवांत बसून राहिली.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं मी गेलो. बायको म्हणाली, मी येते. मी म्हणलं, नको. मला तिच्यासमोर शरम वाटली असती. तिच्या म्हणजे बायकोच्या, आणि त्या बाईच्याही.

वस्तीवर पोचलो तर बाई अंगणात होती. या डागदर, म्हणाली, नेहमीसारखी. पोतं अंथरलं, पाणी दिलं. छपरात तीन शेळ्या होत्या, बाकीच्या चार दाव्यांचे खुंटे तसेच. मुलगी कॉलेजला गेली होती. बाईनं चहा आणला, कोरा. दूध न्हाय, म्हणाली, दुधाच्या दोघी गेल्या. मग तिनं बायकोच्या गुडघ्याचं विचारलं. गोळ्या बदलल्या का विचारलं. मंगळवेढ्याहून येताना रस्ता झाला का विचारलं. मुलगा कसा आहे, सासू बोलायला कशी आहे, ते सांगितलं. मी हो हो करत राहिलो. माफी मागायला एवढ्या लांब आलेलो, आणि सुरुवात करायला जागा सापडेना.

आणि तिथं बसल्या बसल्या मला आठवलं. अकरा वर्षं मी अशाच पोत्यांवर बसलो होतो. या भागात कुणी आल्या आल्या जनावराचा आजार सांगत नाही, ते बरं दिसत नाही. आधी माणसांची विचारपूस, मग पाऊसपाणी, मग घरातलं. आणि तुम्ही उठायला लागलात की, जाता जाता जरा शेळीकडं बघता का. नव्या लागलेल्या पोरांना मीच शिकवायचो, गाडीवरनं उतरल्यावर घाई करू नका, चहा संपेपर्यंत आजार निघत नाही. मीच शिकवायचो! आणि मीच दहा सेकंदांचा नियम केला. हे ग्रुपमुळं झालं असं म्हणायची सोय नाही. ग्रुप मोठा झाला तसा मी मोठा झालो, एवढंच.

शेवटी मी म्हणलं, "ताई, तो मेसेज मी ऐकला नव्हता. सुरुवातीला सुपारीचं आलं, मला वाटलं घरचं काहीतरी आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"घरचंच की," ती म्हणाली. "शेळ्या काय भाईरच्या हुत्या व्हय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पुसलं नाही, आणि तिनं बघितल्यासारखं केलं नाही. मग मी तिला म्हणलं, त्या दिवशी जसं बोलला होता तसं पुन्हा सांगा, मला ऐकायचंय. तिला ते विचित्र वाटलं असणार, पण डागदर म्हणतायत म्हणून ती बोलू लागली. नमस्कार डागदर, बरं हाय का, वहिनींचा गुडघा कसा हाय. आमच्याकडं काल पोरीची सुपारी फुटली. पाव्हणं पन्नास म्हणले हुते, आले पंधराच, भात लई उरला.

उत्तर माझ्या तोंडापर्यंत आलं. सोडा पाजा, चारा काढा. मी तोंड मिटून घेतलं आणि पुढचं सगळं शेवटपर्यंत ऐकलं, शेळ्यांचं ती सगळ्यात शेवटी बोलली. नमस्कारापासून भातापर्यंत मी मनात आकडे मोजत होतो. चौदा झाले. मी अकराला थांबवलं होतं.